बंड्याचे परदेशगमन

धर्मराज युधिष्ठिराला स्वर्गाच्या दाराशी अडवले गेले ते कुत्र्यापायी. रथात बसायला इंद्राची हरकत नव्हती, पण मागून आलेल्या कुत्र्याला स्वर्गात जागा नव्हती. आणि धर्मराजाने स्वर्ग सोडला, कुत्रा सोडला नाही. ही गोष्ट आपण सर्वांनी आजीच्या मांडीवर ऐकलेली आहे आणि तिचे तात्पर्यही आपल्याला पाठ आहे. परंतु इंद्राच्या बाजूनेही एक गोष्ट बोलण्यासारखी आहे. त्याने नियम एका वाक्यात सांगितला आणि कागद एकही मागितला नाही. आजकालच्या इंद्रांचे तसे नाही. ते कुत्र्याला येऊ देतात. मात्र त्याच्या मानेत चिप, चिपेनंतर लस, लशीनंतर रक्त, रक्तानंतर तीन महिने आणि या साऱ्यावर सरकारी शिक्का, एवढे त्यांना लागते.

हा विषय दिवाळी अंकात कशाला, असे कुणी म्हणेल. त्याला कारण आहे. पूर्वी मुलगा विलायतेला जायचा तो एकटा जायचा. मागे राहिलेली माणसे त्याच्या पत्राची वाट बघायची. आता सबंध बिऱ्हाड जाते. कुकर जातो, पोळपाट-लाटणे जाते, गोडा मसाला जातो, आणि कुत्रा असेल तर तोही जावा असे घरातल्या लहानांना वाटते. मोठ्यांनाही वाटते, पण ते बोलून दाखवीत नाहीत. तिकिटे हातात पडल्यावर कुणीतरी विचारते, "आणि याचं काय करायचं?" तोपर्यंत बहुधा चार-पाच महिने उशीर झालेला असतो. हा उशीर होऊ नये, एवढ्यासाठीच हा लेखप्रपंच.

आमच्या घरातलेच उदाहरण सांगतो. माझी भाची पुण्यात परिचारिका होती. २०२४ च्या गणपतीत तिला इंग्लंडातल्या लीड्स शहरी इस्पितळात नोकरी मिळाल्याचे पत्र आले. मोदकांबरोबर पेढेही वाटून झाले. नोव्हेंबरात रुजू व्हायचे होते. आनंदीआनंद चालला असताना ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मामा, बंड्याचं तू बघशील ना?"

बंड्या म्हणजे तिचा कुत्रा. जात गावठी, रंग विटकरी, वय नऊ. एका पावसाळ्यात सोसायटीच्या पाण्याच्या टाकीखाली कुडकुडत असताना तिला सापडला आणि त्या दिवसापासून ताईच्या घरातला तिसऱ्या मजल्याचा जिना त्याच्या मालकीचा झाला. मी सेवानिवृत्त, वेळ मोकळा, शिवाय सरकारी भाषा वाचण्याची जन्माची सवय. तेव्हा हे काम माझ्याकडे येणे क्रमप्राप्तच होते. माझ्या मदतीला ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावोजी. त्यांची हयात एका बँकेत खातेवह्या तपासण्यात गेली. दोन म्हाताऱ्यांनी मिळून एका कुत्र्याला विलायतेला पाठवायचे, असा हा घाट होता.

पहिल्याच दिवशी कळले की बंड्याच्या लसींचे कार्ड अगदी चोख आहे आणि तरीही ते कुचकामी आहे. जूनमध्येच त्याला रेबीजची लस टोचलेली होती. पण त्याच्या अंगात मायक्रोचिप नव्हती. ही चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी एक काचेची नळी. खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने सोडतात. तिच्यात बॅटरी नसते, आणि कुत्रा कोठे आहे हे ती सांगत नाही. वाचक-यंत्र जवळ धरले की फक्त पंधरा आकडी क्रमांक सांगते. परदेशी अधिकाऱ्याच्या लेखी कुत्रा म्हणजे तो क्रमांक. चिपेच्या आधी टोचलेली लस कुणाला टोचली, याला पुरावा नाही; सबब ती लस टोचलीच नाही असे धरायचे. आधी चिप, मग लस. दोन्ही एकाच दिवशी चालतात, पण क्रम हाच. हा क्रम उलटला की पहिले पाढे पंचावन्न.

तेव्हा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बंड्याला चिप बसली आणि त्याच बैठकीत नव्याने लस टोचली गेली. त्यानंतर निदान तीस दिवस थांबायचे; मग रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे. लस अंगी लागली की नाही, हे तेथे मोजतात. रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमागे प्रतिपिंडांचे निदान अर्धे आंतरराष्ट्रीय एकक भरले म्हणजे कुत्रा उत्तीर्ण. एवढे झाल्यावर तरी जाता येईल असे वाटते ना? नाही. रक्त काढले त्या तारखेपासून तीन महिने भरल्याखेरीज इंग्लंडच्या भूमीवर पाय ठेवता येत नाही. महिना आणि तीन महिने मिळून चार, आणि कागदांची धावपळ धरून पाच. भाची नोव्हेंबरात निघणार. बंड्या जानेवारीच्या अखेरीआधी निघणे अशक्य.

भाचीला हे सांगितले तेव्हा ती रडवेली झाली. "रक्त चांगलं निघाल्यावर आणखी तीन महिने कशाला? निव्वळ छळ आहे," असे तिचे म्हणणे. ताईनेही इंग्रजांच्या कारभारावर चार शब्द ऐकवले. परंतु त्या तीन महिन्यांमागे कचेरीचा आडमुठेपणा नाही, रोगाचा स्वभाव आहे. तो समजून घेतला म्हणजे निम्मा राग उतरतो.

पिसाळलेल्या जनावराच्या चाव्यातून शिरलेला विषाणू रक्तातून धावत नाही. तो मज्जातंतूंच्या वाटेने मुंगीच्या पावलांनी मेंदूकडे सरकतो. या प्रवासाला बहुधा काही आठवडे ते काही महिने लागतात, आणि तोपर्यंत जनावर वरून ठणठणीत दिसते. समजा, लस टोचण्यापूर्वीच कुत्र्याच्या अंगात तो शिरलेला असला, तर लशीने रक्ताचा आकडा उत्तम येईल आणि रोग तरीही उद्भवेल. तो उद्भवायचा असेल तर आपल्या देशात उद्भवू द्या, आमच्या देशात नको, एवढाच त्या तीन महिन्यांचा अर्थ. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ हमखास प्राण घेतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात रेबीजने मरणाऱ्या माणसांपैकी सुमारे ३६ टक्के माणसे आपल्या देशात मरतात. ज्यांच्या लहानपणी आळीतल्या कुणालातरी बेंबीभोवती चौदा इंजेक्शने घ्यावी लागली होती, त्यांना हा धाक वेगळा सांगायला नको. ती जुनी लस १९११ साली कसौलीला तयार झाली आणि २००४ अखेरपर्यंत आपल्याकडे वापरात होती.

इंग्लंडचा इतिहासही या बाबतीत बोलका आहे. तेथून हा रोग १९०२ साली नाहीसा झाला. पहिल्या महायुद्धानंतर परतणाऱ्या शिपायांनी लाडके कुत्रे चोरून आणले, आणि १९१८ साली रोग पुन्हा आला. तो निपटायला १९२२ उजाडले. त्यानंतर अनेक वर्षे बाहेरच्या कुत्र्याला सहा महिने कोंडवाड्यात काढावे लागत. १९६९ साली सरे परगण्यातल्या कँबर्ली गावी जर्मनीहून आलेला एक कुत्रा हे सहा महिने भोगून सुटला आणि थोड्याच दिवसांत पिसाळला! एवढ्या अनुभवाने पोळलेल्या लोकांनी २००० च्या फेब्रुवारीत चिप, लस आणि रक्त या तीन गोष्टींवर विसंबून ठराविक देशांपुरता कोंडवाडा बंद केला. २०१२ पासून भारतासारख्या देशांतल्या कुत्र्यांनाही ही वाट खुली झाली. म्हणजे बंड्याने जे तीन महिने घरच्या सोफ्यावर काढले, ते त्याच्या आजोबांना परक्या मुलखात गजांआड काढावे लागले असते, तेही सहा. हे ऐकल्यावर भाचीने डोळे पुसले.

ऑक्टोबरच्या अखेरीस, दिवाळीच्या आठवडाभर आधी, रक्त काढले. येथे एक प्रसंग घडला तो सांगण्यासारखा आहे. दवाखान्यातल्या मदतनिसाने प्रयोगशाळेचा फॉर्म भरला, आम्ही सही करायची होती. भावोजींनी चष्मा चढवला आणि म्हणाले, "तुम्ही कार्डावरचा आकडा मोठ्यानं वाचा, मी फॉर्मवर टिक करतो." मला हसू आले. चाळीस वर्षे बँकेत त्यांनी हेच केले होते. मी वाचू लागलो. अकराव्या आकड्याला त्यांचा पेन थांबला. "पुन्हा वाचा." मी पुन्हा वाचले. फॉर्मवर सात आणि एक यांची अदलाबदल झाली होती. तसाच गेला असता तर निकाल दुसऱ्याच कुठल्यातरी कुत्र्याच्या नावे आला असता, आणि चूक ध्यानात आल्यावर रक्त पुन्हा, तीन महिने पुन्हा. मदतनिसाने खाडाखोड न करता नवा फॉर्म भरून दिला. भावोजी त्याला रागावले नाहीत. "होतं असं," एवढेच म्हणाले आणि पुन्हा पंधराही आकडे वाचून घेतले.

त्यानंतर नोव्हेंबरात भाची गेली. विमानतळावरून आम्ही परतलो तेव्हा बंड्या दारात बसला होता. तिची पाळी सुटून ती घरी येण्याची वेळ सहाची. दुसऱ्या दिवशी सहाला तो दारात बसला. तिसऱ्या दिवशीही बसला. ताई म्हणाली, "आठवडाभरात विसरेल." तो विसरला नाही. सातच्या सुमारास उठायचा, पाणी प्यायचा आणि भावोजींच्या खुर्चीखाली येऊन पडायचा.

प्रवासाचा पिंजरा आम्ही डिसेंबरातच आणवला. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत त्याचे मापच ठरवून दिले आहे. शिंप्याची फीत घ्या. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, अधिक जमिनीपासून कोपरापर्यंतच्या उंचीचे निम्मे, ही पिंजऱ्याची लांबी. खांद्यांच्या रुंदीची दुप्पट ही रुंदी. उभा राहिल्यावर डोक्याच्या किंवा कानांच्या टोकापर्यंतची उंची, अधिक गादीची जाडी, ही उंची. बंड्याचे माप बत्तीस इंच आणि कोपर चौदा. तेव्हा पिंजरा एकोणचाळीस इंच. त्याला आत उभे राहता आले पाहिजे, वळता आले पाहिजे, पाय पसरून झोपता आले पाहिजे. पाण्याचे भांडे आतून दाराला घट्ट बसवलेले आणि बाहेरून भरता येईल असे हवे. झोपेचे औषध मात्र कुणी कितीही सुचवले तरी पशुवैद्याने सांगितल्याखेरीज देऊ नये. गुंगीत जनावराचा तोल जातो, श्वास मंदावतो, आणि आकाशात त्याच्याकडे बघायला कुणी नसते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर श्वासाच्या त्रासामुळे अनेक विमान कंपन्या घेतच नाहीत. ज्यांच्या घरी ते आहेत त्यांनी ही चौकशी सर्वांत आधी करावी.

औषधाऐवजी सवय. पिंजरा दिवाणखान्यात मांडून भावोजींनी बंड्याची ताटली पहिल्या दिवशी त्याच्या दारात ठेवली. दुसऱ्या आठवड्यात वीतभर आत. मग मध्यावर. मग अगदी मागच्या भिंतीशी. मग तो खात असताना दार लोटायचे, दोन मिनिटांनी उघडायचे; मग दहा मिनिटांनी, मग तासाने. ताईची जुनी सुती साडी आत अंथरली होती. जानेवारीत बंड्या आपण होऊन दुपारची झोप त्या पिंजऱ्यात काढू लागला. मी म्हटले, "भावोजी, तुम्ही तर कमाल केलीत." ते म्हणाले, "कमाल कसली? रोज थोडं थोडं त्याला घराबाहेर ढकलतोय मी." आणि वर्तमानपत्र वाचू लागले. मला पुढे बोलवेना.

भाचीच्याही ते कानावर गेले असावे, कारण एका रविवारी फोनवर ती म्हणाली, "बाबा, बंड्या तुमच्याकडेच राहिला तरी चालेल मला. खरंच." त्या रात्री आम्ही दोघे गॅलरीत बसलो होतो. भावोजींनी हिशेब मांडावा तसे मांडले. "माझं वय चौऱ्याहत्तर, त्याचं नऊ. गुडघे दोघांचेही बरे नाहीत. जिना मात्र तीन मजल्यांचा. मी आजारी पडलो तर याला खाली कोण नेणार? तुमची ताई? हे झालं जमेच्या बाजूचं. आता दुसरी बाजू. तो गेला तर घर रिकामं होईल. खरं आहे. पण ते घर माझं रिकामं होईल, त्याचं नाही. तीन महिने झाले, तो सहाला दारात बसतो. माझ्यासाठी नाही बसत. मी तर घरातच असतो." थोड्या वेळाने म्हणाले, "जाऊ दे त्याला."

वाचकहो, या साऱ्या खटाटोपात खरा प्रश्न एवढाच असतो: कुत्रा कुणासाठी न्यायचा? कागद कितीही असले तरी ते अखेर जमतात. हा प्रश्न मात्र कुठल्याच फॉर्मवर छापलेला नसतो. प्रत्येक घरी त्याचे उत्तर आमच्यासारखेच यावे असेही नाही. आमच्या शेजारचे कुटुंब दोन वर्षांच्या करारावर टोकियोला गेले. जपानात १९५७ पासून देशातल्या जनावरांत रेबीज नाही, आणि ते लोक तसाच जपतात: चिपेनंतर दोन लसी, मग रक्त, मग तब्बल १८० दिवसांची वाट, येण्याच्या चाळीस दिवस आधी सूचना, यात कसूर झाली तर तेथे उतरल्यावर १८० दिवसांपर्यंत विलगीकरण. शेजाऱ्यांचा कुत्रा चौदा वर्षांचा, हृदयाने अधू. पशुवैद्याने मान हलवली. मुलांनी आकांत केला, पण आईने ठाम राहून त्याला रत्नागिरीला आत्याकडे पोचवले. तेथे त्याने माडाखाली, खाऱ्या वाऱ्यात शेवटचे वर्ष सुखाने काढले. त्यांनी कुत्र्याला टाकले, असे म्हणणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना मी तेव्हाही सांगितले होते आणि आताही सांगतो: ते त्याच्यासाठीच त्याला ठेवून गेले.

ज्यांचे जाणे ठरत असेल त्यांच्यासाठी इतर देशांचेही थोडक्यात सांगून ठेवतो. युरोपीय संघाच्या देशांत भारतातून जाताना चिप, लस, तीस दिवस, रक्त आणि तीन महिने हा आमच्यासारखाच रस्ता आहे. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून कुत्र्यांसाठी नवे नियम लावले. कुत्रा सहा महिन्यांहून मोठा आणि चिप असलेला हवा. भारत त्यांच्या जास्त धोक्याच्या यादीत असल्याने, येथे लस टोचलेल्या कुत्र्याला सरकारी पशुवैद्याच्या सहीचा दाखला लागतो, आणि मान्यताप्राप्त प्राणी-निगा केंद्र आहे अशा मोजक्याच विमानतळांवर, तेथे आधी जागा राखून, उतरावे लागते. रक्ततपासणी नसेल तर २८ दिवस विलगीकरण. ऑस्ट्रेलियाची दारे सर्वांत जड. भारत त्यांच्या मान्य देशांच्या यादीत नाही, त्यामुळे कुत्रा-मांजर येथून थेट तेथे जातच नाही. आधी मान्य देशात मुक्काम, मग मेलबर्नजवळ मिकलहॅमच्या सरकारी केंद्रात निदान दहा दिवस. तेथे वशिला चालत नाही. २०१५ साली जॉनी डेप हा हॉलिवूडचा नट आपले दोन चिमुकले कुत्रे खासगी विमानातून न सांगता घेऊन उतरला, तर तेथल्या शेतकी मंत्र्याने कुत्रे परत धाडा, नाहीतर त्यांना मारावे लागेल, असे जाहीर बजावले. कुत्रे परत गेले, आणि पुढच्या वर्षी त्याच्या पत्नीला खोट्या कागदाबद्दल न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला.

आणि कुणाच्या घरी मिठू असेल, तर त्याला परदेशी नेण्याची चौकशी करायला सरकारी कचेरीत जाऊ नका. आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात पाळणे हाच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तुम्ही चौकशीला जाल आणि चौकशी तुमचीच सुरू होईल.

आता बंड्याचे शेवटचे पंधरा दिवस. मालक आणि जनावर यांच्या प्रवासात पाच दिवसांहून अधिक अंतर पडले तर इंग्लंडात ते व्यापारी माल समजले जाते आणि नियम बदलतात. म्हणून भाची फेब्रुवारीत रजा काढून आली. ती दारात उभी राहिली तेव्हा सहा वाजायला दहा मिनिटे होती. बंड्याने काय केले ते मी लिहीत नाही. ज्यांनी कुत्रा पाळला आहे त्यांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांनी पाळला नाही त्यांना सांगून पटणार नाही.

आरोग्याचा दाखला इंग्लंडात पोचण्याच्या आधीच्या दहा दिवसांतलाच लागतो, फार आधी काढून ठेवता येत नाही. तो केंद्र सरकारच्या पशु संगरोध सेवेच्या अधिकाऱ्याकडून घ्यायचा; ही कार्यालये मोजक्या मोठ्या शहरांत, त्यामुळे पुणेकराला मुंबईची वारी आलीच. त्यातच पट्टकृमीचे औषध. हे इंग्लंडात उतरण्यापूर्वी निदान चोवीस तास आणि फार तर एकशेवीस तास, या खिडकीतच पशुवैद्याच्या हातून दिले गेले पाहिजे आणि त्याची वेळ दाखल्यावर चढली पाहिजे. मांजराला ही अट नाही. आमचे विमान शुक्रवारी सकाळी सातला लंडनला टेकणार होते. म्हणजे रविवारी सकाळी सात ते गुरुवारी सकाळी सात. दोन्ही देशांच्या घड्याळांत साडेपाच तासांचा फरक. भावोजींनी कागदावर रेघ मारून मंगळवार दुपार नक्की केली, ती दोन्ही टोकांपासून सारखीच सुरक्षित म्हणून.

खर्चाचे विचाराल तर रक्ततपासणी, पिंजरा, दलालाची फी आणि भाडे मिळून आकडा लाखांत जातो. इंग्लंडला जाणारे कुत्रे प्रवाशाबरोबर नव्हे, मालवाहतुकीच्या पावतीवर जाते, आणि बिऱ्हाड हलवताना सामानावरच्या करात सूट मागायची असते त्या अर्जात त्यालाही सामानातच धरतात. हे वाचून भाची चिडली, भावोजी म्हणाले, "धरू दे. पावती मिळते ना? मग हरवणार नाही."

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर प्राण्यांसाठी वेगळे स्वागत-केंद्र आहे. लंडन शहराची पालिका ते चालवते. तेथे चिप वाचली, कागद तपासले, आकडा आकड्याला जुळला. भाची बाहेर काही तास ताटकळली. मग दार उघडले, बंड्या बाहेर आला, आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता पहिल्या दिसलेल्या झाडापाशी जाऊन त्याने इंग्लंडची भूमी पुरती दोन मिनिटे पावन केली. एवढे झाल्यावर मग तो तिच्या अंगावर झेपावला.

त्यांचे ठीक चालले आहे. तेथल्या थंडीत त्याला स्वेटर लागतो आणि तो त्याला आवडत नाही. पुढे-मागे ती त्याला घेऊन सुट्टीत येथे येणार असेल, तर निघण्यापूर्वी तिकडेच लस आणि रक्ततपासणी दाखल्यावर नोंदवून ठेवायची, म्हणजे परतताना तीन महिने थांबावे लागत नाही. भारतात आणण्यासाठी आपल्या पशु संगरोध कार्यालयाचे ना-हरकत पत्रही आधी घ्यायचे. हे मी तिला कळवून ठेवले आहे.

तुमच्या घरी पुढल्या वर्षी कुणाचे परदेशी जाणे संभवत असेल, तर विमानाचे तिकीट, घराचा भाडेकरू आणि फ्रिजचे गिऱ्हाईक यांच्याही आधी कपाटातून कुत्र्याचे कार्ड काढा. चिपेची तारीख आणि लशीची तारीख शेजारी शेजारी ठेवून वाचा. ज्या देशात जायचे त्या सरकारचे त्या दिवशीचे नियम पाहा, कारण ते बदलतात. आणि निदान सहा-सात महिने हाताशी ठेवा.

कुणाला हे एकट्याने जमेलसे वाटत नसेल तर आमच्या भावोजींसारखा एखादा माणूस शोधावा. सध्या त्यांच्याकडे सोसायटीतली तीन कुटुंबे फायली घेऊन येतात: एक जर्मनीची, एक कॅनडाची, आणि एक अजून कुठे जायचे ते न ठरलेली. संध्याकाळी सहाला, बंड्या बसायचा तेव्हाच, दार उघडे असते. भावोजी सर्वांना चहा देतात, चष्मा चढवतात आणि म्हणतात, "हं, तुम्ही आकडा वाचा. सावकाश. मी टिक करतो."